न मोजलेली दोन वर्षं

सुगी आली की मला राग येतो. बाकीच्यांना भूक लागते, माहेर आठवतं, ढोल काढून बडवावासा वाटतो. मला राग येतो. यंदाही आला. परवा सकाळी बांधावर उभी राहिले, दवानं सलवार गुडघ्यापर्यंत भिजली, कापलेल्या भाताचा ओला, हिरवट वास नाकात गेला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आई म्हणाली, "काय गे सुगंधा, सकाळीच तोंड का फुगलंय?" म्हटलं, "काय न्हाई." तिला ठाऊक आहे काय ते. ती इळा घेऊन पुढं वाकली आणि मी तिच्या मागं.

आमची वाडी कॅसलरॉक स्टेशनपासून जंगलात आत आहे. गाडीची शिट्टी ऐकू येते, गाडी दिसत नाही. भात आम्ही अर्धं आमच्यासाठी पिकवतो आणि अर्धं गव्यांसाठी. गवा शेतात उतरला की कुणी त्याला विचारायचं नाही. तो सरकारी आहे. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असून आम्हाला सगळे विचारतात. ते असो. त्यावर बोलायला बसले तर मूळ राग बाजूला राहील.

सुगीत आमच्याकडं मजूर मिळत नाही, म्हणून पैरा चालतो. आज सगळ्या बाया तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. कापणीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कुणाच्या तरी खळ्यावर जमतात, सुपारी कातरतात, भांडतात, आणि ठरतं. कोण कुणाकडं किती राबली ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि जिला ठाऊक नसतं तिला बाकीच्या ओरडून सांगतात. खळ्यावर तोंडातून शब्द निघाला की संपलं. येते म्हणालेल्या बाईला "लिहून दे" म्हणून बघा. ती इळा तिथंच टाकून घरी जाईल, आणि जावंच तिनं. लिहून दे म्हणजे तू खोटारडी आहेस, एवढाच आमच्याकडं त्याचा अर्थ.

आणि एकदा केलेलं काम फुकट जात नाही. शेजारच्या भागी काकीची लेक ऐन सुगीत लग्न होऊन कुंभारवाड्याकडं गेली. इथं तिनं चार घरची शेतं कापली होती, आणि तिचा पैरा फिटायचा राहिला होता. मग काय झालं? इथल्या बाया टेम्पोत मागं बसून, वाटेत गाणी म्हणत, ओकत, तिच्या सासरी गेल्या आणि तिच्या सासऱ्याचं भात कापून आल्या. तुझं काम आमच्या बांधावरचं, तिकडच्या बांधाशी जुळत नाही, असं कुणी म्हणालं नाही. असलं काही सुचलंच नाही कुणाला. हे मुद्दाम सांगतेय. कारण जुळत नाही हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते एका विद्यापीठात.

मी फ्रेंच कशी शिकले, हे लोक फार कौतुकानं विचारतात. त्यांना वाटतं कुणी गोरा पाहुणा पक्षी बघायला आमच्या रानात आला असेल, त्यानं मला पुस्तक दिलं असेल. कसलं काय! मी बेळगावच्या एका कॉलेजात होते, खानापुरात मामांकडं राहायचे. दुसरी भाषा निवडायची होती. हिंदीचा शनिवारचा तास दुपारी उशिरा होता, आणि तो केला की घरी यायची गाडी चुकायची. कन्नडचा वर्ग भरला होता. फ्रेंचचा तास सकाळी. शनिवारी घरी जायला मिळावं म्हणून मी फ्रेंच घेतलं. एवढंच. पण पहिल्याच आठवड्यात ती भाषा मला अशी काही आवडली की मी गाडीत तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसायचे आणि लोंढ्याला चढलेल्या बाया सरकून बसायच्या.

भागी काकीला सांगितलं तर म्हणाली, "फिरंग्यांची भाषा व्हय? ते गेलं न्हवं का गोव्यातनं?" म्हटलं, "काकी, ते पोर्तुगीज. हे फ्रेंच. वेगळं." ती म्हणाली, "अगे, येकच की सगळं. टोपी घालत्यात न्हवं?" तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पण रात्री भात राखायला माळ्यावर असलं आणि गवा शेताच्या कडेला आला की मी "वा ताँ! वा ताँ!" करून ओरडायचे. चालता हो, असा त्याचा अर्थ. शेजारच्या माळ्यावरून भागी काकी विचारायची, "गेला का गे?" आणि मी सांगायचे, "गेला." मग त्या सुगीत तिनंही "वाताँ वाताँ" करून दोन डुकरं हाकलली आणि गावभर सांगत सुटली.

दोन वर्षं सरली तेव्हा मी फ्रेंचमध्ये गोष्टी वाचत होते. आमच्या मॅडम, एवढ्याशा, सडपातळ, सतत सर्दी झालेल्या, त्यांनीच म्हटलं की इथं हे दोनच वर्षांचं आहे. पुढं फ्रेंच नाही. तुला फ्रेंचचीच पदवी करायची असेल तर विद्यापीठ बदल. मोठ्या शहरात एक आहे, तिथं थेट तिसऱ्या वर्षात घेतात, आधीचे विषय जुळले तर. त्या विद्यापीठाचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की त्यांची बदनामी होते. आमची काय होते ते त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी सगळी वेळापत्रकं घसरली होती. निकाल आणि प्रवेश सुगीच्या तोंडावर आले. तो पंधरवडा मी आयुष्यात विसरणार नाही, इतकी मी आनंदात होते. दिवसा पोटऱ्यांना पाती टोचवत उभं भात बघत फिरायचं आणि संध्याकाळी वरच्या टेकावर जायचं, कारण फोनला रेंज फक्त तिथं. तिथं कातळावर बसून मॅडमशी बोलायचं. आम्ही दोघींनी मिळून पदवीची आखणी केली. तिसऱ्या वर्षाचे विषय कुठले; आपल्याकडं न झालेले दोन, म्हणजे उच्चारांचं शास्त्र आणि फ्रेंच लोकांचा इतिहास, ते त्याच वर्षात कसे बसवायचे; मग पुढची पदवी; मग भाषांतराचं काम. मला भाषांतरच करायचं होतं. एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत न सांडता न्यायचं, याच्याइतकं चांगलं काम मला दुसरं दिसत नव्हतं. खाली खळी सारवून ठेवली होती, शेणाचा वास वर यायचा, आणि मी कातळावर कोळशानं विषय लिहून त्यांना रेघांनी जोडत बसायचे. पोरं विचारायची, "अक्का, हे काय?" म्हणायचे, "माझं तिसरं वर्ष."

त्याच्या आधी, पाऊस ओसरताना, मी त्या शहरात जाऊन विभागप्रमुखांना भेटून आले होते. ते सर स्वभावानं गोड. खुर्ची दिली, चहा मागवला. गुणपत्रिका बघितल्या, मॅडमनी दिलेला अभ्यासक्रम चाळला, आणि मग एकदम फ्रेंचमध्ये बोलायला लागले. घरी कोण आहे, गाव कसं आहे, काय वाचलंस. मी बोलले. अडखळले, पण बोलले. ते खूश झाले. "उच्चार छान आहेत तुझे. ये तू. तिसऱ्या वर्षात बसवतो. दोन वर्षं मोजून घेऊ. काळजी करू नकोस, मी आहे." मी आहे, असं म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडून एक ईमेल घे गं. दोन ओळींचं." मला कसंसंच झालं. एवढा मोठा माणूस, वयानं वडिलांएवढा, समोर बसवून चहा देऊन शब्द देतो, आणि मी म्हणू लिहून द्या? म्हटलं, "मॅडम, सर बोललेत." मॅडमनी नाक पुसलं. मग मी कॉलेजात जाऊन दाखला काढला. कारकुनानं माझं नाव कमी केलं आणि शिक्का मारला. मला वाटलं, सुटले एकदाची.

प्रवेशाला आई बरोबर आली. आमचं भात उभंच होतं, पण पैऱ्यातल्या बाया म्हणाल्या, "तुमी जावा की. आमी काय मेलोय?" आणि आम्ही गाडीत बसलो तेव्हा त्या आमच्या शेतात उतरल्या होत्या. आईनं सरांसाठी पिशवीत कणगं नेली होती, रानातले कंद, भाजून खायचे. तिला वाटलं, शहरात मिळत नसतील.

खिडकीतल्या माणसानं कागद बघितले आणि परत सरकवले. "श्रेयांक जुळत नाहीत." म्हणजे? "म्हणजे तुमच्याकडचे आमच्याशी जुळत नाहीत. पहिल्या वर्षाला जागा आहे. बसायचं तर बसा." म्हटलं, "सर बोललेत." तो हसला. हसणं वाईट नव्हतं, थकलेलं होतं. "सर रोजच बोलतात," म्हणाला.

सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी ओळखलं, हे तरी कबूल करते. म्हणाले, "अगं, मी शक्यता सांगितली होती. समितीपुढं ठेवलं, समिती नाही म्हणाली. माझ्या हातात काय आहे?" मी म्हटलं, "सर, मी दाखला काढला. तिकडची जागा गेली." ते म्हणाले, "असं घाईनं काढायचा नसतो. काही लेखी होतं का तुझ्याकडं?"

लेखी! त्या एका शब्दावर माझं डोकं अजून फिरतं. म्हणजे चहा पाजून जे बोललात ते काय होतं? वाऱ्यावरची वरात? आणि मग जगभरच्या लोकांशी बोलायला शिकवण्याचं दुकान कशाला मांडलंय?

आई तोवर दाराशी उभी होती. ती पुढं आली. "सर, तुमी बोललासा न्हवं पोरीला? मी हाय म्हनालासा न्हवं?" तिचा आवाज मोठा आहे. शेतातल्या बाईचा आवाज मोठाच असतो, नाहीतर पलीकडच्या बांधावर जात नाही. सर म्हणाले, "मावशी, तसं नसतं. नियम असतात." आई म्हणाली, "नेम मग पयला सांगायचा. पोरगीनं नाव काढून आणल्यावर कशाला सांगता?" बाहेर दोन मुलं थांबून बघायला लागली. सर अवघडले. आणि मग त्यांनी काय केलं माहीत आहे? ते माझ्याकडं वळले आणि फ्रेंचमध्ये बोलले. शांतपणे, भराभर, मी त्यांची बरोबरीची सहकारी असल्यासारखं. म्हणाले, तुझ्या आईला समजाव, हे काही गावचं खळं नाही. तिला इथं आरडाओरडा करू देऊ नकोस, तुझंच नुकसान होईल.

मला एकूण एक शब्द कळला. ज्या भाषेची माझी दोन वर्षं हा माणूस मोजायला तयार नव्हता, त्याच भाषेत तो माझ्याशी बोलला. मला कळणार याची त्याला खात्री होती. म्हणून तर बोलला! आईपासून लपवायला माझं फ्रेंच त्याला चाललं. तिसऱ्या वर्षात बसायला चाललं नाही.

आईनं विचारलं, "काय म्हनाला त्यो?" मी म्हटलं, "म्हणतो, तू गप बस." आईनं सरांकडं एकदा बघितलं, पिशवी उचलली आणि बाहेर पडली. मला सरांना उत्तर द्यायचं होतं, फ्रेंचमध्येच द्यायचं होतं. शब्द सगळे होते, पण आई निघून चालली होती, मी तिच्या मागं धावले. स्टेशनवर आईनं ती कणगं एका हमालाला देऊन टाकली. "खा बाबा, ग्वाड हायत," म्हणाली.

घरी आलो तर आमचं भात कापून झालेलं. पेंढ्या बांधून, उडवी रचून बाया निघून गेल्या होत्या. त्या उडवीला टेकून मी रडले, आणि मला अजून आठवतं, रडता रडता मला सगळ्यात जास्त राग दुःखाचा नाही, लाजेचा येत होता. मला कशाची लाज? पण प्रत्येकजण मलाच शहाणपणा शिकवत होता. रामनगरचे काका, ज्यांचं दुकान आहे, ते मुद्दाम आले आणि म्हणाले, "लिहून घ्यायला पाहिजे होतंस, एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही?" मामांनी फोनवर तेच. कॉलेजातल्या कारकुनानं तेच. एका माणसानं दिलेला शब्द मोडला, आणि त्याच्याबद्दल कुणीच काही बोलेना. सगळे मी विश्वास का ठेवला तेवढंच विचारत होते. जणू शब्द मोडणं हे पाऊस पडण्यासारखं आहे, पडणारच, तू छत्री का नेली नाहीस? मी त्या काकांना म्हटलं, "काका, तुमच्या दुकानात उधारी मागणाऱ्याला तुम्ही तोंडावर हो म्हणता आणि मागनं नाही म्हणता का?" ते रागावून चहा न पिता गेले. बरं झालं.

एकटी भागी काकी माझ्यासारखी भडकली. "म्हंजे दोन वर्सं गेली कुठं?" तिनं मळणीच्या मध्येच झोडपायचं थांबवून विचारलं. "तुज्या डोक्यातनं काडून घेतल्यात व्हय?" म्हटलं, "नाही काकी, डोक्यात आहेत." "मग? हायत तर हायत म्हनावं की! न्हाई कसं म्हनत्यात?" याचं उत्तर आजही कुणी देऊ शकलेलं नाही. समितीच्या एका माणसालाही मी पुढं कधीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "तांत्रिक बाब आहे."

आईनं एवढंच विचारलं, "जानार का ऱ्हानार?" राहिले असते तर राग कमी झाला असता, हे नक्की. भात, डुकरं, लग्न. पण मला भाषांतर करायचं होतं, आणि त्या माणसामुळं ते सोडायचं हे मला सोसलं नसतं. गेले. पहिल्या वर्षात बसले.

पहिलं वर्ष म्हणजे काय, सांगते. माझं नाव अमुक आहे. ही खिडकी आहे. हे दार आहे. माझ्यापेक्षा लहान पोरांबरोबर एका सुरात म्हणायचं. आज वार कोणता? आज सोमवार. मी गोष्टी वाचून, त्यांवर मॅडमशी वाद घालून आलेली बाई, आणि मी खिडकी म्हणत होते. शिकवणाऱ्या ताई भल्या होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. "वा, पटकन शिकतेस," म्हणायच्या. सर व्हरांड्यात दिसले की छान हसायचे, "काय, कसं चाललंय?" विचारायचे. मी नमस्कार करायचे. त्या नमस्कारासाठी मला रोज किती जोर लावावा लागायचा, ते माझं मलाच माहीत. दर सुगीला घरी यायचे, कापलेल्या भाताच्या धसांचा वास घ्यायचे आणि ताजीतवानी चिडून परत जायचे.

यंदा पावसाच्या शेवटी आमच्या विभागाचा पदवीचा कार्यक्रम झाला. मी पहिली आले होते. फ्रान्सहून एक बाई पाहुण्या आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, पुढच्या रांगेत. सर त्यांच्या शेजारी बसून मराठीतलं सगळं त्यांच्या कानात सांगत होते. मग उठले आणि माइकवरून माझी ओळख करून दिली. "ही मुलगी जंगलातून आली. फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. अगदी शून्यापासून सुरुवात केली, आणि तीन वर्षांत बघा!" टाळ्या वाजल्या. सर खाली जाऊन बसले आणि मी माइकसमोर उभी राहिले. आभाराचं चांगलं भाषण पाठ करून गेले होते मी. आई मागं बसली होती, नवी साडी नेसून.

मी म्हटलं, "शून्यापासून नाही, सर. दोन वर्षं मी घेऊन आले होते. तुमच्या केबिनमध्ये तुमच्याशी फ्रेंचमध्ये बोलले होते. तुम्ही ती मोजली नाहीत."

कुणीतरी खोकलं. सर हसले आणि पुढं बोल, असा हात केला. पाहुण्या बाई त्यांच्याकडं वळल्या, ही काय म्हणाली असं विचारलं असावं. सरांनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. बाई माझ्याकडं बघून गोड हसल्या, मान डोलावली आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

टाळ्या! मी म्हटलं त्यावर कुणी टाळ्या वाजवेल का? म्हणजे या माणसानं माझं बोलणं तिच्यापर्यंत नेता नेता वाटेतच बदललं.

मी माइक जवळ ओढला, पाहुण्या बाईंकडं वळले आणि फ्रेंचमध्ये सुरुवात केली. शब्द कसा दिला, चहा कसा दिला, दाखला कसा निघाला, खिडकीतला माणूस काय म्हणाला, सगळं. माझ्या आईसमोर, तिला कळू नये म्हणून, हे सर कुठल्या भाषेत बोलले आणि काय बोलले, तेही शब्दाला शब्द. बाईंच्या टाळ्या थांबल्या. हात तसेच मांडीवर राहिले. सभागृहात मागच्या लोकांना काही कळत नव्हतं, आईलाही नव्हतं, पण ती उठून उभी राहिली होती आणि सरळ सरांकडं बघत होती.

सर मान खाली घालून ऐकत होते. त्यांना मात्र काहीच समजावून सांगावं लागलं नाही.